एक चपराक प्रमाण मानून

वजनमापे निरीक्षकाच्या नोकरीत बावीस वर्षं काढली की माणसाला दोन सवयी लागतात. एक, दुकानात शिरताच दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता तराजूच्या काट्याकडे बघायची. आणि दुसरी, जे स्वतःच्या डोळ्यांनी मोजलं नाही त्यावर शिक्का न मारायची. पहिल्या सवयीमुळे मापसाहेबांना मित्र बेताचेच होते. दुसरीमुळे झोप उत्तम लागायची. आपल्या आयुष्याचा हिशोब एकंदरीत बरोबर जमला आहे, असं त्यांचं मत होतं.

मापसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. पण इमारतीत सगळे त्यांना तसंच म्हणत, आणि खरं नाव कोणी विचारलं तर बायकोलासुद्धा क्षणभर आठवावं लागे.

या मापसाहेबांचं एक गुपित होतं. त्यांना सिनेमातलं रक्त बघवत नसे. रक्त कसलं, कुणी रागाने खुर्ची मागे सारली तरी त्यांची नजर आपोआप जमिनीकडे जाई. पण पुरुषमाणूस, त्यात सरकारी निरीक्षक. डोळे झाकून बसणं शोभणार कसं? म्हणून त्यांनी एक शास्त्रीय तोडगा काढला होता. त्यांच्या चष्म्याचा नंबर उणे साडेसात. पडद्यावर संगीत जरा खालच्या पट्टीत गेलं, कुणाचा हात खिशाकडे वळला, की मापसाहेब शांतपणे चष्मा काढत, काचांवर हाऽ करून वाफ सोडत आणि रुमालाने पुसत बसत. पडद्यावर मग एक तांबडा ढग एका तपकिरी ढगाच्या अंगावर जाई, तपकिरी ढग आडवा होई आणि तांबडा ढग गाडीत बसून निघून जाई. हिंसा म्हणजे मापसाहेबांच्या लेखी एक प्रकारचं हवामान होतं. तीस वर्षांत त्यांनी शेकडो मारामाऱ्या अशा पुसून काढल्या होत्या. त्यांच्याइतका स्वच्छ चष्मा उभ्या शहरात कुणाचा नसेल.

हे कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती.

इमारतीचा फोनवर एक गट होता. तो मुळात पाण्याची टाकी केव्हा धुणार हे कळवण्यासाठी काढलेला. पण टाकी वर्षातून दोनदाच धुतात, आणि लोकांना मतं मात्र रोज होतात. त्यामुळे हळूहळू तिथे पाहिलेल्या सिनेमांची चर्चा सुरू झाली. एका रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी एका नव्या मारधाडीच्या सिनेमाबद्दल लिहिलं की यात हिंसा आहे असं म्हणणाऱ्यांना कला कळत नाही, ती हिंसा नव्हे, शैली आहे. लोकांच्या किंकाळ्या ऐकत ज्याचा दिवस जातो त्याला असं वाटणं साहजिकच होतं. त्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो सिनेमा समाजाला कीड लावणारा आहे असं दीड पानभर ठणकावलं. त्यांनी तो पाहिला नव्हता. मत देण्याआधी सिनेमा बघावा लागला तर मग मतस्वातंत्र्य कशाला म्हणायचं, असा त्यांचा प्रश्न होता. शाळेतल्या बाई तळमजल्यावर राहत. त्यांनी दोघांनाही उद्देशून लिहिलं की सिनेमातली हिंसा पूर्वी बरी असायची, हल्ली शिस्त राहिलेली नाही.

अकरा वाजेपर्यंत एकशे चाळीस संदेश झाले. मापसाहेब गॅलरीत चहा पीत ते वाचत होते. "फार हिंसा", "अजिबात नाही", "अति", "बेताची" असले शब्द वाचून त्यांना जीव नकोसा झाला. दुकानदाराने "बेताची साखर" म्हणून पिशवी हातात ठेवावी, तसलाच हा प्रकार. शेवटी न राहवून त्यांनी एकच वाक्य लिहिलं: "हिंसा जास्त की कमी, हे मोजल्याशिवाय कसं कळणार?"

आणि आठव्या मिनिटाला सेक्रेटरींनी लिहिलं, "मग मोजा."

आता हे एवढ्यावर थांबलं असतं. पण सेक्रेटरींनी नुकताच सोसायटीसाठी एक प्रोजेक्टर मिळवला होता, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता तळमजल्याच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचं ठरत होतं. कोणता सिनेमा मुलांसकट बघायचा आणि कोणता मुलांना बाहेर काढून, यावर दोन सभा वाया गेल्या होत्या. सेक्रेटरींना मापसाहेबांच्या वाक्यात देव दिसला. ठराव झाला: मापसाहेब प्रत्येक सिनेमा आदल्या दिवशी स्वतः बघतील, त्यातली हिंसा मोजतील आणि दाखला देतील. दाखल्यावर शिक्का असेल. शिक्का हा शब्द ऐकून मापसाहेबांच्या तोंडून हो निघून गेलं, आणि घरी येऊन चपला काढेपर्यंत आपण काय कबूल करून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं.

पण बाण सुटला होता. मग मापसाहेब कामाला लागले, आणि काम शास्त्राला धरून लागले. कुठल्याही मोजणीला आधी एकक हवं. लांबीला मीटर आहे, वजनाला किलो आहे, हिंसेला काय? दोन संध्याकाळ विचार करून त्यांनी "चपराक" हे एकक ठरवलं. एक प्रमाण चपराक म्हणजे मध्यम बांध्याच्या, मध्यम रागावलेल्या प्रौढ माणसाने, हात खांद्याच्या उंचीपर्यंत नेऊन, समोरच्याच्या गालावर मारलेली एक थप्पड. गुद्दा दोन चपराका. लाथ तीन. चाकू पंचवीस. बंदूक तीस, मेला तर वर आणखी पन्नास. एकूण शंभराच्या आत असेल तर सहकुटुंब, वर गेली तर मुलं बाहेर.

तक्ता जिन्यात लावला मात्र, सूचनांचा पूर आला. डॉक्टरांनी दात पाडण्याला वेगळा रकाना मागितला. आणि त्यातही पुढचा दात आणि दाढ एका मापाने मोजणं हा दाढेवर अन्याय आहे, असं ते जिन्यातच पंधरा मिनिटं सांगत राहिले. बाईंचं म्हणणं, कान पिरगाळणं हिंसेत धरू नये, ती शिक्षणपद्धती आहे. सेक्रेटरींना सगळं तीन प्रतींत हवं होतं आणि शेवटी "शेरा" नावाचा एक रुंद रकाना हवा होता. त्यात काय लिहायचं ते नंतर बघू म्हणाले. खुद्द मापसाहेबांच्या बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं की अबोला किती चपराकांचा. अबोला ही हिंसा नव्हे, ती हिंसेची अनुपस्थिती आहे, असं मापसाहेबांनी समजावून सांगितलं. त्यानंतर दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तक्त्यात अबोला आला: दर दिवशी पंधरा चपराका.

या सगळ्यात एकच व्यक्ती काही बोलली नाही. त्या म्हणजे सासूबाई. त्या गेल्या वर्षापासून लेकीकडेच राहत. छत्तीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली होती. ऑपरेशन संपलं की कापसाचे बोळे मोजायचे, किती आत गेले आणि किती बाहेर आले, ही त्यांची जबाबदारी. आणि छत्तीस वर्षांत एकही बोळा कुणाच्या पोटात राहिला नव्हता. आता त्या स्वेटर विणत. जिन्यातला तक्ता त्यांनी सुया न थांबवता वरपासून खालपर्यंत वाचला आणि एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, काम डोळ्यांचं आहे हो." मापसाहेबांना हे कौतुक वाटलं.

पहिला सिनेमा शाळेच्या वार्षिक समारंभावर होता. मापसाहेबांनी शनिवारी दुपारी खोलीचं दार आतून लावून घेतलं, कारण तपासणी गोपनीय असते. सुरुवातीलाच एका मुख्याध्यापकाने टेबलावर हात आपटला. मापसाहेबांनी तत्काळ चष्मा काढला. पण मोजणी तर करायला हवी. तेव्हा त्यांना एक युक्ती सुचली, आणि पुढचं सगळं रामायण या युक्तीतून घडलं. डोळ्यांचं काम कानांवर सोपवायचं. चपराक ही वाजतेच. वाजली की कागदावर एक रेघ. पडद्यावर ढग हलत होते आणि चट्‌ चट्‌ असे आवाज येत होते. मध्येच तर एवढा मारा झाला की रेघा ओढून त्यांचा हात भरून आला. बेरीज आली तीनशे बारा.

रविवारी सगळी मुलं हॉलच्या बाहेर उन्हात उभी राहिली आणि आत मोठ्या माणसांनी शाळेतल्या मुलांच्या बक्षीससमारंभाचा सिनेमा पाहिला. त्यात टाळ्यांखेरीज काही वाजलं नाही. मापसाहेब आठवडाभर लिफ्टऐवजी जिन्याने गेले. "टाळी म्हणजे स्वतःच्याच एका हाताने दुसऱ्या हाताला मारलेली चपराक," असा खुलासा त्यांनी गटावर लिहिला; त्यावर डॉक्टरांनी नुसता अंगठा पाठवला. मापसाहेबांनी तो सहमतीचा धरला.

वास्तविक इथेच त्यांनी सेक्रेटरींना गाठून खरं काय ते सांगायला हवं होतं. तसं त्यांच्या मनातही आलं. कार्यालयात एका दुकानदाराचं वजन तपासताना त्यांनी तेच वजन तीनदा तोललं, कारण मनात विचार आला की हा माणूस आपल्या शिक्क्यावर विश्वास ठेवतोय, आणि आपण तर टाळ्या मोजल्या. पण अब्रू ही मोठी वाईट वस्तू. ती जायला लागली की माणूस तिच्या मागे धावतो, आणि धावताना जास्त सांडते.

दुसरा सिनेमा एका तळ्याकाठच्या व्हायोलिनवादकाचा. जाहिरातीच्या चित्रात तळं, व्हायोलिन आणि घराच्या पायरीवर बसलेला एक मोठ्या कानांचा कुत्रा. मापसाहेब खूष झाले. शनिवारी दार लावून ते चष्म्यासकट बसले. वीस मिनिटं तळं बघितलं. मग त्या वादकाने सफरचंद कापायला चाकू घेतला. खबरदारी म्हणून मापसाहेबांनी चष्मा काढला. व्हायोलिन फारच गोड वाजत होतं. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा लावून पाहिला; चाकू होताच. परत काढला. असं तीनदा झालं. मग त्यांनी चष्मा मांडीवर ठेवला आणि कान लावून बसले. मधूनमधून एखादं दार लागल्याचा आवाज येई, आणि कुणीतरी दमून आरामखुर्चीत टेकल्यासारखा सुस्कारा सोडी. एकही चपराक नाही, गुद्दा नाही, आरडाओरड नाही. किती सुसंस्कृत माणसं, असं त्यांच्या मनात आलं.

सिनेमा संपला तेव्हा कागद कोरा होता. मापसाहेबांनी शिक्का हातात घेतला आणि थबकले. आपण पाहिलं आहे का हे? बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. तेवढ्यात दारावर टकटक झाली. सेक्रेटरी तिन्ही प्रतींसाठी उभे होते आणि त्यांना सूचना टाईप करायची घाई होती. मापसाहेबांनी लिहिलं, "शून्य चपराका. सहकुटुंब." आणि शिक्का मारला. एकाच प्रतीवर नव्हे, तीनही.

रविवारी मुलं पुढच्या रांगेत सतरंजीवर बसली. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून सासूबाई, मांडीवर लोकरीचा गुंडा. मागे सगळी इमारत. मापसाहेब मध्यावर, मान ताठ. विसाव्या मिनिटाला वादकाने सफरचंद कापलं. एकविसाव्या मिनिटाला त्याच चाकूने पाहुणा. त्यानंतर तो जो सुटला तो थांबेचना. दर वेळी आधी व्हायोलिन वाजवायचा, मग हळूच दार लावायचा, आणि आत कुणीतरी सुस्कारा सोडायचं. ते सुस्कारे आरामखुर्चीतले नव्हते. मापसाहेबांनी चष्मा काढला. पण पुढच्या रांगेतून मुलांचा एकसुरात "आईगंऽ" ऐकू आला, आणि पुसायला रुमाल शोधणारा त्यांचा हात तिथेच थिजला.

मधेच उठून प्रोजेक्टर बंद करावा असं कुणालाही सुचलं नाही, ही एक नोंद घेण्यासारखी गोष्ट. सगळे म्हणाले की दाखल्यावर शून्य होतं, तेव्हा वाटलं की आपलीच काहीतरी समजण्यात चूक होतेय.

बुधवारी संध्याकाळी सभा बोलावली गेली. विषय एकच: मापसाहेबांचा शिक्का. सेक्रेटरींनी तीनही प्रती टेबलावर मांडल्या, जणू मुद्देमालच. त्यांनी विचारलं की शून्य कसं आलं. मापसाहेबांनी उभं राहून एककाच्या मर्यादा, कमी तीव्रतेच्या ध्वनीची अडचण वगैरे सुरू केलं. बायको त्यांच्याकडे बघत नव्हती. ती पदराचं टोक बघत होती, आणि हा अबोल्यापेक्षा वरचा रकाना होता.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. वर्गात बोलतात त्याच आवाजात. "साधा प्रश्न आहे. माणसं मेली किती?"

मापसाहेबांनी टेबलावरच्या तिन्ही प्रती उलटून पाहिल्या.

सेक्रेटरींनी सभेला मदत करावी म्हणून सांगितलं की तीन. डॉक्टर हसले, म्हणाले, तीन काय, सात. बाईंना दोनच आठवत होते. मागून कुणी पाच म्हणालं, कुणी चार. सेक्रेटरींनी आकडे फळ्यावर लिहायला घेतले आणि मग ते स्वतःच खडू धरून फळ्याकडे बघत राहिले. हॉलच्या खिडकीत मुलं लोंबकळत होती. ती एका सुरात ओरडली, "अकरा."

"दहा," सासूबाई विणता विणता म्हणाल्या. "सहावा मेलेला नाही. घाव बरगडीवर आहे. वेळेत दवाखान्यात नेला तर आठवड्यात घरी."

तेवढ्यात मापसाहेबांच्या शास्त्रीय डोक्याने ते गणित सोडवलं. एकाच खोलीत, एकाच पडद्यावर, एकाच वेळी पाहिलेल्या गोष्टीची मोजणी दोनपासून अकरापर्यंत कशी येईल? उपकरणात दोष असल्याशिवाय येणार नाही. आणि उपकरण इथे एकच होतं: डोळे.

ते म्हणाले, "मी बघितलेलंच नाही."

सेक्रेटरींनी विचारलं, काय बघितलं नाही.

"काहीच नाही. मी चष्मा काढतो. तीस वर्षं काढतोय. मला बघवत नाही. मी न बघता शिक्का मारला." "असं दुकानदाराने केलं असतं तर मी त्याचा तराजू जप्त केला असता. तुम्ही माझा शिक्का ठेवून घ्या."

त्यांनी खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. वाटलं होतं की लोक हसतील. पण डॉक्टर छताकडे बघत होते. मग खाकरून म्हणाले की त्या वेळी त्यांना दवाखान्यातून तीन-चार संदेश आले होते, फोनमध्ये बघावंच लागलं. कोणाचे संदेश, असं बाईंनी विचारल्यावर ते म्हणाले, मीच मला पाठवतो. सेक्रेटरींनी कबूल केलं की ते दर वेळी बाहेर जाऊन पाण्याची मोटर बंद आहे ना ते बघून येत. बाई म्हणाल्या की त्या डोळे मिटत नाहीत, फक्त मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणतात, आणि तो म्हणताना पुढचं काही दिसत नाही. महिनोन्‌महिने हिंसेवर तलवारी उपसणाऱ्या त्या अख्ख्या इमारतीत हिंसा पाहिलेली माणसं म्हणजे पुढच्या रांगेतली मुलं आणि एक म्हातारी.

"तुम्हाला माहीत होतं?" घरी येताना जिन्यात मापसाहेबांनी सासूबाईंना विचारलं.

"तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा माझ्या बोटाला सुई टोचली होती. एक थेंब आला असेल नसेल. तुम्ही दहा मिनिटं चष्मा पुसत होतात. मी हिला तेव्हाच म्हटलं, माणूस चांगला आहे, पण याच्यासमोर भाजी तू चीर."

चोवीस वर्षांत घरात आपल्या हाती कुणी विळी का दिली नाही, हे मापसाहेबांना त्या दिवशी उमगलं. त्यांना वाटायचं, मान ठेवतात.

शिक्का सभेने ठेवून घेतला नाही. फेरतपासणी ठरवली. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता, सगळ्यांच्या देखत, मापसाहेबांनी चष्म्यासकट सिनेमा बघायचा. मोह होऊ नये म्हणून सासूबाईंनी चष्म्याच्या दोन्ही काड्यांना हिरवी लोकर बांधून डोक्यामागे पक्की गाठ मारली. शस्त्रक्रियेतली गाठ ती, मेल्यावरच सुटायची. मुलांना बाहेर ठेवलं होतं, म्हणजे ती खिडकीत होती. सासूबाई शेजारी बसल्या. डॉक्टर पाण्याचा तांब्या घेऊन तयार.

विसावं मिनिट. सफरचंद. मापसाहेबांनी डोळे घट्ट मिटले. एकविसावं मिनिट, आणि पडद्यावर लाल.

"रंग बघा," सासूबाई हळूच म्हणाल्या. "असं गुलाबी असतं होय रक्त? सरबत आहे. आणि घाव डावीकडे, गळतंय उजवीकडून."

मापसाहेबांनी एक डोळा किलकिला केला. खरंच, उजवीकडून. दुसरा डोळा उघडला. मग दुसरा पाहुणा आला, व्हायोलिन झालं, दार लागलं, चाकू वर गेला, आणि मापसाहेब खुर्चीतून ताडकन उठले.

"थांबवा."

डॉक्टर तांब्या घेऊन धावले. मापसाहेबांनी त्यांना हाताने बाजूला केलं.

"मागे घ्या. आणखी मागे. हां. आता पुढे. बघितलंत?"

कुणीही काही बघितलेलं नव्हतं. मापसाहेबांनी खिशातून पोलादी पट्टी काढली; ती त्यांच्या खिशात असायचीच. ते पडद्याला जाऊन भिडले. पहिल्या खुनात पातं त्या वादकाच्या मुठीच्या दीडपट, दुसऱ्यात सव्वादोनपट. मूठ तीच, बोटातली अंगठी तीच, आणि पातं वाढलेलं. बावीस वर्षं ज्या संतापाने त्यांनी पोकळ वजनं आणि आखूड मीटर पकडले, तो संताप त्यांच्या अंगात असा संचारला की भीतीला उभं राहायला जागाच उरली नाही.

"ही उघड फसवणूक आहे," ते म्हणाले. "चौथा दाखवा."

चौथा खून त्यांनी नऊ वेळा पाहिला. पुढे, मागे, थांबवून, नाक पडद्याला टेकवून. जखमेची लांबी पात्याशी जुळत नव्हती. सातव्या खुनात तर पातं मुठीएवढंच. तेवढ्याने पाहुणा मेला कसा यावर ते आणि सासूबाई दहा मिनिटं बोलत होते, आणि तो लाल देखावा पडद्यावर तसाच अडकून पडला होता. आठव्याच्या वेळी डॉक्टर तांब्यातलं पाणी स्वतः प्यायले आणि बाहेर जाऊन बसले. बाईंचा सतराचा पाढा मोठ्याने ऐकू यायला लागला. सेक्रेटरींनी मोटर चार वेळा तपासली.

दीड वाजता अहवाल तयार झाला. मापसाहेबांनी तो वाचून दाखवला: मृत दहा, जखमी एक, मत सासूबाईंचं, तपासणी प्रत्यक्ष डोळ्यांनी. मात्र चित्रपटात वापरलेलं हत्यार प्रमाणित नसल्याने आणि त्याचं पातं दर खुनाला बदलत असल्याने यातल्या हिंसेचं माप देता येत नाही. खाली शिक्का. एकाच प्रतीवर. शिक्का मारताना त्यांचा हात जराही हलला नाही, आणि बायकोने त्यांच्याकडे बघून मान डोलावली.

सेक्रेटरी अंधाऱ्या कोपऱ्यातून म्हणाले, "हे सगळं ठीक. पण मुलांनी बघायचा की नाही?"

गंमत अशी की हा मूळ प्रश्न होता, आणि तो तक्त्यात कुठेच राहिला नव्हता.

शेवटी बाईंनीच खिडकीकडे वळून विचारलं की तुम्ही तर पाहिलाय. भीती वाटली का? मुलं एकमेकांना ढोसायला लागली. खून काय, तसे खूप असतात, एक म्हणाला. तेच तेच व्हायोलिन वाजवतो, दुसरा म्हणाला. मग सगळ्यात खालच्या गजाला धरून उभी असलेली पहिलीतली मुलगी, डॉक्टरांची धाकटी, म्हणाली, "तो कुत्रा."

"कोणता कुत्रा?" मापसाहेबांनी विचारलं.

"पायरीवर बसतो तो. शेवटच्या काकांचा. ते काका आत गेले ते आलेच नाहीत. मग त्याला खायला कोण घालणार?"

कुणालाच आठवेना. कुत्रा जाहिरातीत होता एवढं खरं. सासूबाईंच्या सुयासुद्धा थांबल्या. मोजणीत काहीतरी आत राहून गेल्यावर थांबाव्यात तशा. मापसाहेबांनी प्रोजेक्टर पुन्हा सुरू करायला सांगितला आणि शेवट लावला. तळं होतं, संध्याकाळ होती, दार लागलेलं होतं आणि पायरीवर तो मोठ्या कानांचा कुत्रा बसला होता. आतून एक सुस्कारा आला. कुत्र्याने एक कान वर केला, दाराकडे पाहिलं, आणि पुढच्या पायांवर हनुवटी टेकून वाट बघत बसला. त्याच्यावरून नावं सरकायला लागली. ती सगळी संपेपर्यंत तो तिथेच होता.

मापसाहेबांनी अहवाल पुढे ओढला. सेक्रेटरींनी हट्टाने ठेवलेला शेऱ्याचा रुंद रकाना अजून कोरा होता. त्यात त्यांनी लिहिलं, "एक कुत्रा." पुढे किती चपराका लिहायच्या ते त्यांना सुचेना.

मग त्यांचा हात चष्म्याकडे गेला. हिरव्या लोकरीची गाठ काही सुटत नव्हती. ते बराच वेळ डोक्यामागे चाचपत राहिले.

"अहो, आता काय झालं?" बायको म्हणाली. "संपला सिनेमा."

"काही नाही," मापसाहेब म्हणाले. "जरा पुसायचा होता."

सासूबाईंनी पिशवीतून कात्री काढली आणि लोकर कापून दिली. या वेळी चष्मा खरोखरच ओला झाला होता.